सकपाळ सरांचं ऑपरेशन

आमच्या स्टाफरूममध्ये कोणी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला की सगळ्यांचे हात पुढे व्हायचे. सकपाळ सरही पेढा उचलायचे, पण तोंडात टाकायचे नाहीत. दोन बोटांत धरून ठेवायचे आणि विचारायचे, "वहिनी कशा आहेत?"

"मजेत."

"मजेत म्हणजे? बाळंतपण झालंय ना त्यांचं? रक्त किती आहे? टाके दुखतात का? झोप मिळते का?"

नवा बाप गोंधळायचा. मुलाचं वजन त्याला ग्रॅमपर्यंत पाठ असायचं, नाक कोणावर गेलंय याबद्दल दोन्ही घरांत काय वाद चाललाय तेही ठाऊक असायचं. बायको कशी आहे हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमाबाहेरचा. मग सर शांतपणे पेढा पुन्हा बॉक्समध्ये ठेवायचे. "घरी जाऊन विचारून या साहेब. मी कुठं जात नाही. पेढा उद्याही गोडच लागेल."

आमच्या ऑफिसातले जाधव क्लार्क तर मुलगा झाल्यावर दोन दिवस स्टाफरूमकडे फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते बायकोची सगळी माहिती पाठ करून, तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखे. सरांनी ऐकून घेतलं, पेढा खाल्ला आणि म्हणाले, "पास. आता हेच तिच्यासमोरही विचारत जा."

सकपाळ सर पोलादपूरच्या आमच्या हायस्कूलमध्ये पी.टी. शिकवायचे. मूळचे जवळच्याच कापडे गावचे. अंगाने काटक, बोलायला सावकाश. तालुक्यातल्या कबड्डीत त्यांच्या चढाईला अजून मान होता, आणि तिशी उलटली तरी गावच्या संघातून ते खेळायचे. त्यांना कधी चिडलेलं मी पाहिलं नाही. चिडायच्या ऐवजी ते समोरच्याचा सत्कार करायचे. उशिरा येणाऱ्या पोराला फाटकात उभं राहून म्हणायचे, "या साहेब, आपल्यासाठीच प्रार्थना लांबवली होती." पोरं छडीला भीत नसत, या 'साहेब'ला भीत. गळ्यातली शिट्टी ते क्वचितच वाजवायचे. कोणी फार थापा मारायला लागला की ती फक्त ओठांशी न्यायचे. तेवढ्यानं माणूस आवरतं घ्यायचा.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायचो. त्यामुळे मला सरांचं घर माहीत आहे. घरात त्यांची आई, बायको सुनंदा आणि एक मुलगी. नंतर दोन मुली. दुसरीच्या वेळी जे घडलं त्यावरून पेढ्याची ती परीक्षा सुरू झाली. त्याआधी सर इतरांसारखेच पेढा घेऊन थेट तोंडात टाकत होते, हे त्यांनीच मला सांगितलं.

पहिली मुलगी आठ-नऊ महिन्यांची असताना सुनंदाला पुन्हा दिवस गेले. पोर अंगावर पीत होती, पाळी अजून सुरू झाली नव्हती, आणि 'अंगावर पाजतेस तोवर कसली काळजी' असं घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी आणि माहेरच्यांनी एकमताने सांगितलं होतं. आमच्याकडे एवढं एकमत दुसऱ्या कशावरही होत नाही. सरांचाही त्यावर विश्वास होता. पोर भाताची पेज खायला लागली होती, रात्रीचं पिणं कमी झालं होतं, त्याने काही फरक पडतो हे कोणाच्या गावीही नव्हतं. सुनंदाचं पहिल्या बाळंतपणातलं रक्त भरून आलेलं नव्हतं, त्यात हे दुसरं.

दुसरी मुलगी महाडला झाली. झाली आणि सुनंदाचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टर मॅडमनी करायचं ते सगळं केलं आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी पुढे बसलो होतो, सर मागे. हायवेचं काम चालू होतं. आमच्या आयुष्यात ते चालूच असतं. प्रत्येक खड्ड्याला मागून सरांचा आवाज यायचा, "सुनंदा, डोळे उघड." बाकी काही नाही. एरवी त्या रस्त्यावर सर ठेकेदाराचा यथासांग सत्कार करत जायचे. त्या दिवशी त्यांना सुचलं नाही. कबड्डीच्या संघातली पोरं रक्त द्यायला धावली. मुंबईत टेम्पो चालवणारा कापड्याचा विलास सगळ्यांत आधी पोचला, युनिफॉर्मवरच. सुनंदा वाचली. घरी आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा झाला होता.

पुढच्या तपासणीला महाडच्या मॅडमनी सरांना समोर बसवलं आणि सांगितलं, "आता तिसरं नको. हिच्या जिवाला झेपणार नाही."

सर म्हणाले, "मग हिचं ऑपरेशन करून टाकू."

"आत्ता नाही. अंगात रक्त नाही तिच्या. किती वाट बघावी लागेल सांगता येत नाही. तोपर्यंत दुसरी साधनं आहेत." मग मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुमचं मात्र लगेच करता येईल. पुरुषाचं साधं असतं, थोड्या वेळाचं. चालत घरी जाल."

सर नंतर हा प्रसंग अगदी रंगवून सांगायचे. "मी मागे वळून पाहिलं, माझ्यामागे कोणी उभं आहे का. मॅडम माझ्याशीच बोलत होत्या. इतकी वर्षं कबड्डी खेळलो, पण अशी पकड कोणी केली नव्हती."

घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं. मधली भिंत पातळ होती आणि म्हातारीचा आवाज कापड्याच्या शेतात वाढलेला, त्यामुळे ऐकण्यासाठी मला काही विशेष प्रयत्न करावे लागले नाहीत.

"बापयाचा ऑपरेशन? कोन करतो रे? बायकाच करतात."

"होय आये. बायका पोरं काढतात, भात लावतात, लाकडं आणतात, ऑपरेशनही करतात. आपण पुरुष मिश्या सांभाळतो."

"दोन पोरी हायत तुला. नाव कोन चालवील?"

"माझं नाव हजेरीपटावर आहे. तेवढं बस्स."

"मस्करी करू नको. तुला काय झाला तर घर कसा चालायचा?"

"आणि तिला काय झालं तर?"

म्हातारी पटकन म्हणाली, "तिचा वायला हाय, ती बायमानूस."

 पलीकडे भांडी वाजली. मग म्हातारीचाच आवाज आला, पण आता खालच्या पट्टीत. "माजी सात बाळंतपणा झाली. तुज्या बापानं एकदा पन नाय इचारला, कशी हायस म्हनून."

तिने परवानगी दिली असं मात्र नाही. ऑपरेशन करून सर रिक्षाने घरी आले, तेव्हा ती तोंड फिरवून बसली होती. पण दुसऱ्या दिवशी मी बघायला गेलो तर सर खाटेवर पांघरूण घेऊन पडलेले, आणि समोर वाटीत डिंकाचा लाडू. म्हातारीने सुनेसाठी केलेल्या डब्यातला. शेजारी अळिवाची खीर. "ऑपरेशन झालाय ना त्याचा," म्हातारी मला म्हणाली, "मंग द्यायला नको?" सर लाडू खात गंभीरपणे म्हणाले, "मला कानाला फडकंही बांधायला लावलंय. बाळ तेवढं नाही जवळ." सुनंदा दारात उभी होती. बाळंतपणानंतर मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

मॅडमनी थोडे दिवस धावपळ, उड्या आणि जड उचलणं बंद ठेवायला सांगितलं होतं. सर शाळेत आले आणि मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले. बातमी त्यांच्याआधीच पोचली होती. शिकलेल्या माणसांच्या स्टाफरूममध्ये अशा वेळी काय होतं ते सांगतो. सगळे एकदम वर्तमानपत्र वाचायला लागतात. शेवटी जाधव क्लार्कनी धीर केला.

"सर, म्हणजे आता... ताकद वगैरे?"

"गेली. सकाळपासून खडूसुद्धा उचलला नाही."

"नाही, म्हणजे, बाकीचं..."

"आवाज बायकी झालाय का बघा. मिशी आहे ना जागेवर? नीट बघून सांगा, मला आरशात बघायची भीती वाटते." मग शिट्टी ओठांशी नेऊन त्यांनी जाधवांकडे बघितलं. वर्तमानपत्रं आणखी वर गेली. खरं तर प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायचा होता. विज्ञानाच्या सरांनासुद्धा.

सुनंदाला बाजारात वेगळी वागणूक मिळाली. कोणी 'बिचारी' म्हणायचं, कोणी म्हणायचं हिनेच नवऱ्याला फितवलं. ती कमी बोलायची. एकदा माझ्याकडे साखर मागायला आली होती, तेव्हा आपणहून म्हणाली, "भाऊ, दोन्ही वेळा मला दिवस जायच्या आधी कोणी विचारलं नव्हतं. या वेळी ह्यांनी विचारलं, तुला काय वाटतं. मला उत्तरच सुचेना. सवय नव्हती."

त्या हिवाळ्यात कापड्याला कबड्डीचे सामने होते. सर संघात होते. त्यांनी चढाईसाठी रेषा ओलांडली आणि गर्दीतून एकजण ओरडला, "बडवलेला बैल हाय तो, गाडीला जुंपा." मैदान हसलं. सरांनी त्या बाजूला पाहिलंही नाही. वाकून, सावकाश, नेहमीसारखे आत शिरले. चौघांनी त्यांना घेरलं. एकाने पाय धरला, दुसऱ्याने कंबर. सर त्यांना तसेच ओढत मधल्या रेषेपर्यंत आले आणि हात लांब करून रेषेला टेकवला. मग उठून, अंगावरची माती झाडत ते थेट त्या ओरडणाऱ्यापाशी गेले.

"साहेब, बरोबर बोललात. गाडीला जुंपतात तो बडवलेलाच असतो. बाकीचे नुसते गावभर हिंडतात."

आता मैदान दुसऱ्या बाजूने हसलं. सामना संपल्यावर पोरांनी त्यांना गराडा घातला. सगळी तरणी, निम्मी मुंबईत कामाला, कोणाची लग्नं झालेली, कोणाला एक-दोन मुलं. सरांना त्या दिवशी चेव चढला होता. ऑपरेशनची सगळी कथा त्यांनी सांगितली, लाडवासकट. पोरं पोट धरून हसत होती. एकाने विचारलं, "सर, लगेच चालू होतो काय? म्हंजे त्याच दिवसापासून बिनधास?"

"लगेच कसं साहेब? आधी बोर्डाची परीक्षा असते. तीन महिन्यांनी. तोवर आपला निरोध जिंदाबाद. परीक्षेत पास झालात की मोकळे, नापास झालात की पेढे वाटा."

यावर सगळ्यांत मोठा हशा झाला. विलास सगळ्यांत जोरात हसला. मीही हसलो. वाक्य चांगलंच जमलं होतं.

विलासला मोठा मुलगा होता आणि दुसरा त्या पावसाळ्यात झालेला. शिमग्याच्या थोडं आधी त्याने मुंबईत गुपचूप ऑपरेशन करून घेतलं. सांगितलं फक्त बायकोला, रेखाला. आईला नाही, भावकीला नाही, सरांनाही नाही. मैदानातला बैल त्यानेही ऐकला होता. शिमग्याला तो पालखी नाचवायला गावी आला, चार दिवस राहिला आणि परत गेला. पुढे वैशाखात चुलत भावाच्या लग्नाला आला, तेव्हा रेखाने त्याला सांगितलं की तिला दिवस गेलेत.

त्याने एकच हिशेब केला. आपण ऑपरेशन केलं आहे, आता आपल्याला मूल होऊ शकत नाही, मग हे आपलं नाही. रेखा रडून सांगत होती. तिचं त्याने ऐकलं नाही. मांडवाची माणसं अंगणात असताना तिला नको ते बोलला आणि कडेवरच्या पोरासह दासगावला माहेरी पाठवून दिली. मोठ्याला आईपाशी ठेवून घेतलं. कारण कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर आधी ऑपरेशन सांगावं लागलं असतं. त्यामुळे गावाने आपापल्या मनाने कारणं तयार केली. त्या बाबतीत आमचा तालुका स्वावलंबी आहे.

दोन दिवसांनी संध्याकाळी तो शाळेच्या मैदानावर आला. सर उन्हाळी शिबिरासाठी चुन्याच्या रेषा आखत होते, मी कट्ट्यावर बसलो होतो.

"सर, तुमी बोललात तसा मी केला."

"काय केलंस?"

"ऑपरेशन. शिमग्याच्या आदी. आता ती बोलते पोटात हाय." त्याने समोरची चुन्याची रेषा पायाने पुसली. "मंग कोनाचा हाय ता सांगा."

सर चुन्याची पाटी खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. "शिमग्याला आलास तेव्हा काही वापरलंस?"

"कशाला? ऑपरेशन झालेला ना."

"आणि टेस्ट? तीन महिने थांबायचं, मग टेस्ट करायची. डॉक्टरांनी सांगितलं असेल."

"त्यांनी कायतरी सांगितला. मला वाटला तुमी बोललेला तेच. बोर्डाची परीक्षा." तो सरांकडे बघून म्हणाला, "ता तुमी मस्करीत बोललात ना, सर?"

सरांनी शिट्टी हातात घेतली, पण ओठांशी नेली नाही. दोरी बोटाला गुंडाळत राहिले.  शेवटी ते म्हणाले, "नाही विलास. ते खरं होतं. मी मस्करीत सांगितलं, पण ते खरं होतं." मग माझ्याकडे वळले. "उद्या महाडला जायचंय. तुम्हीही चला."

महाडला मॅडमनी विलासची टेस्ट करायला लावली. डबी हातात घेऊन तो असा उभा होता की मुंबईच्या सिग्नलवर पोलिसांनी पकडला असता तरी एवढा घाबरला नसता. टेस्टचं कळल्यावर मॅडमनी आम्हा तिघांना आत बोलावलं.

"शुक्रजंतू अजून आहेत," त्या विलासला म्हणाल्या. "ऑपरेशन म्हणजे पुढची वाट बंद होते. वाटेत जे आधीचं साठलेलं असतं ते संपायला वेळ लागतो. हे मूल तुमचं नाही असं म्हणायला काहीही आधार नाही. हे मी टेस्ट न करताही सांगितलं असतं. टेस्ट तुमच्या समाधानासाठी."

विलास खाली बघत म्हणाला, "पन म्हाडम, तिची पाळी पन आलेली नव्हती. पोर पितोय अजून."

"पाळी दिसायच्या आधी बीज तयार होतं. मूल सहा महिन्यांच्या आतलं असलं, दिवसरात्र फक्त अंगावर पीत असलं आणि पाळी आलेली नसली, तेवढ्यापुरताच भरवसा. तुमचा भात खातोय ना?"

"खातो."

"मग झालं तर."

तिथून आम्ही तसेच दासगावला गेलो. रेखा माहेरच्या पडवीत सुकट निवडत बसली होती. पोर शेजारी झोळीत. तिची आई आम्हाला बघून आत गेली आणि पाण्याचा तांब्या न आणताच बाहेर येऊन उभी राहिली. ते काय होतं ते आम्हाला कळलं.

विलास पायरीवरूनच म्हणाला, "चल घरी."

"कशाला?"

"डाक्टर बोलल्या, माजाच हाय."

रेखाने मान वर केली नाही. "डाक्टर बोलल्या. मी बोलत होते तवा तुमचे कान कुठं होते?"

तिने सुकटातला एक खडा बाहेर टाकला आणि सरांना विचारलं, "तुमी कशाला आलाव सर?"

"माफी मागायला," सर म्हणाले. "ह्याला मी सांगितलं होतं, पण हसवत हसवत सांगितलं. मला पोरांचं हसणं आवडलं. नीट सांगायला पाहिजे होतं."

"हसवून झाला ना? आता मला नीट सांगा."

आणि सर त्या पडवीत, उन्हात, मांडी घालून बसले आणि त्यांनी तिला नीट सांगितलं. मूल ठेवायचं तर काय काळजी घ्यावी लागेल, नको असेल तर काय करता येतं, कुठे, किती लवकर गेलेलं बरं, बाकीचं मॅडमना कसं विचारायचं. एकही 'साहेब' नाही, एकही चिमटा नाही. मी त्यांना पहिल्यांदा सरळ वाक्यं बोलताना ऐकत होतो. रेखाने सगळं ऐकून घेतलं. मग पोराकडे बघितलं.

"मला आता नको. हा अजून अंगावर हाय. माज्यात ताकद नाय." थोडं थांबून तिने विचारलं, "यांची सही लागंल?"

"नाही. तुझीच."

विलासने तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्या सबंध प्रकरणात त्याने केलेली ही सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट.

दोन दिवसांनी रेखा आईबरोबर महाडला गेली. मॅडमनी तिला मोकळं केलं आणि तिच्या सांगण्यावरून तेव्हाच तांबीही बसवली. विलास बाहेर बाकड्यावर पोराला घेऊन बसला होता. पोर रडत होतं आणि त्याला गप्प कसं करायचं हे त्याला माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर त्याने भीत भीत विचारलं, "तांबी कशाला? माजा ऑपरेशन झालाय."

"तुमची परीक्षा व्हायची तवा होऊ दे," रेखा म्हणाली. "माजी मी सोय केली."

कापड्याला परत यायची तिने एक अट घातली. ज्या अंगणात, ज्या माणसांसमोर तो तिला बोलला होता, तिथेच, त्यांच्यासमोर त्याने खरं काय ते सांगायचं. विलासने सांगितलं. ऑपरेशन केल्याचं, चुकी आपली असल्याचं, बायकोची काही चूक नसल्याचं. मान खाली घालून, एका दमात, कबड्डीत चढाई करावी तसं. त्याची आई डोळे विस्फारून बघत राहिली. त्या दिवशी कापड्यात दुसरं काही काम झालं नाही. पण मोठा मुलगा धावत येऊन रेखाच्या पायांना बिलगला, आणि ती घरात गेली. माफ केलं का, हे मी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून तरी ते काम लांबणीवर टाकल्यासारखं दिसलं.

सर त्यानंतर बदलले असं मी लिहिलं तर त्यांना ओळखणारे हसतील. उशिरा येणाऱ्या पोरांचे सत्कार चालू राहिले. पेढ्याची परीक्षा आणखी कडक झाली, आता 'पुढचं काय ठरवलंय दोघांनी' हाही प्रश्न असायचा. पण या एका विषयावर ते साधं बोलायला लागले. सामने संपल्यावर पोरं जमली की ते सांगायचे, आणि सांगून झाल्यावर कोणा एकाकडून ते परत वदवून घ्यायचे. त्यात विनोद नसल्यामुळे गर्दी कमी झाली. नंतर पुरुषांच्या रांगा लागल्या असं लिहायला मला आवडलं असतं. मोजके काही गेले, तेही मुंबईला, घरात वेगळंच कारण सांगून. बाकीच्यांनी हा मान पूर्वीप्रमाणे बायकांसाठीच राखून ठेवला.

पुढे माझी बदली आमच्याच संस्थेच्या महाडच्या शाळेत झाली आणि पोलादपूरशी संबंध कमी झाला. सरांचा फोन यायचा, दोन-तीन महिन्यांतून एकदा. म्हातारी गेली तेव्हा मी जाऊन आलो. नंतर गाठ पडली नाही.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत मी एका लग्नाच्या बोलणीसाठी एसटीने कापड्याकडे निघालो होतो. चढावर आमची गाडी धापा टाकत होती. मागून हॉर्न वाजला आणि एक स्कूटर आमच्या बाजूने पुढे सरकायला लागली. सुनंदा चालवत होती. पदर कमरेला खोचलेला, चेहरा भरलेला, उन्हाने तांबूस झालेला. मागे सकपाळ सर बसले होते, दोन्ही हातांनी कोयत्यांची आणि जेवणाच्या डब्यांची पिशवी मांडीवर सांभाळत. वळण पुढेच होतं. सर तिच्या खांद्यावरून काहीतरी सांगत होते, बहुतेक सावकाश घे म्हणून. तिने मान हलवली आणि वेग वाढवला.

मी खिडकीतून हाक मारली. सरांनी वळून पाहिलं, ओळखलं, पण हात मोकळा नव्हता, म्हणून नुसतीच हनुवटी उचलली. तोवर तिने एसटीला मागे टाकलं होतं आणि ती दोघं वळणाआड गेली.